आईची ऊब : एक भौतिक उपचार

विद्यार्थी मित्रहो, आज घरी एक सोपा प्रयोग करा. एक मोठा व एक लहान बटाटा एकाच पातेल्यात उकडा. दोन्ही पुरते शिजले की ताटात काढून ठेवा आणि दहा मिनिटांनी हात लावून पाहा. लहान बटाटा अधिक निवलेला आढळेल. असे का व्हावे?

10 सेंटिमीटर बाजूचा घन घ्या. त्याचे घनफळ 1000 घन सेंटिमीटर व पृष्ठफळ 600 चौरस सेंटिमीटर. आता बाजू निम्मी करा. घनफळ 125 आणि पृष्ठफळ 150 होईल. म्हणजे दर घन सेंटिमीटरमागे पहिल्या घनात 0.6, तर दुसऱ्यात 1.2 चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग येतो. उष्णता साठते घनफळात आणि निसटते पृष्ठभागातून. म्हणून वस्तू जितकी लहान, तितकी ती लवकर निवते.

हेच गणित आता नवजात बालकाला लावू या. गर्भावस्थेचे 37 आठवडे पुरे होण्याआधी जन्मलेल्या बालकाला अपुऱ्या दिवसांचे मूल म्हणतात. 3 किलोच्या बालकाच्या तुलनेत 1 किलोच्या बालकाला दर किलोमागे सुमारे 1.4 पट त्वचा असते. तिच्याखाली चरबीचा थर अगदी थोडा असतो, आणि ती इतकी पातळ असते की तिच्यातून पाणी सतत उडून जाते. 1 ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे 580 कॅलरी उष्णता लागते. एवढी उष्णता गेली आणि ती भरून निघाली नाही, तर 1 किलोच्या बालकाचे तापमान अर्ध्या अंशाहून अधिक उतरते. थंडीत आपण कुडकुडून ऊब निर्माण करतो; या बालकाला तेही साधत नाही.

यावर उपाय म्हणून काचेची ऊबपेटी आली. तिने असंख्य बालके वाचवली. परंतु आईवडील काचेबाहेर राहिले.

कोलंबिया देशातील बोगोटा शहरात पेट्या अपुऱ्या होत्या. एकेका पेटीत अनेक बालके ठेवावी लागत व रोगसंसर्ग पसरे. 1978 साली तेथील डॉ. एडगर रे यांनी वेगळी वाट धरली. त्यांनी बालकाला आईच्या उघड्या छातीशी उभे बांधून ठेवण्यास सुरुवात केली. डॉ. हेक्टर मार्टिनेझ यांनी पुढे त्यांना साथ दिली. पिलाला पिशवीत वाढवणाऱ्या प्राण्यावरून या पद्धतीला ‘कांगारू मातृसेवा’ असे नाव पडले.

यातील भौतिकशास्त्र पाहा. दोन वस्तूंच्या तापमानात फरक असेल तरच उष्णता वाहते. आईची त्वचा उबदार असल्याने तेथे बालकाची उष्णता फारशी जात नाही. उलट गरज पडल्यास मिळते. पाठीवरच्या पांघरुणामुळे व टोपीमुळे अभिसरण, प्रारण आणि बाष्पीभवन आटोक्यात राहते. शिवाय आईचे दूध जवळच असते. वडिलांच्या छातीचीही ऊब चालते बरे का!

पूर्वी बालकाची प्रकृती स्थिरावल्यावरच ही सेवा सुरू करीत. ती जन्मानंतर लगेच सुरू केली तर? भारतासह पाच देशांतील रुग्णालयांत 1 ते 1.8 किलो वजनाच्या सुमारे 3200 बालकांवर हे तपासण्यात आले. 2021 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पहिल्या 28 दिवसांत नेहमीच्या पद्धतीत शंभरातील सुमारे 16 बालके दगावली, तर नव्या पद्धतीत 12. प्राणवायू व औषधे दोन्हीकडे होतीच. वाढली ती आईची सोबत. 2022 साली जागतिक आरोग्य संघटनेने तशी शिफारस केली.

परिणाम तेवढ्यावरच थांबत नाही. बोगोटातील काही बालकांची वीस वर्षांनंतर पुन्हा तपासणी झाली. त्याचे निष्कर्ष 2017 साली प्रसिद्ध झाले. कांगारू पद्धतीने वाढलेल्या मुलांची शाळेतील गैरहजेरी, अतिचंचलता व आक्रमकता कमी आढळली. त्यांच्या घरचे वातावरणही अधिक जिव्हाळ्याचे होते. बालकाला छातीशी धरणारे आईवडील त्याला ओळखायला लवकर शिकतात, हे त्यामागचे एक कारण असावे.

तेव्हा मित्रहो, अशा बालकाचे आईवडील हे भेटीच्या वेळेपुरते आलेले पाहुणे नव्हेत; ते उपचाराचाच एक भाग आहेत. आता एक प्रश्न तुमच्यासाठी : बालकाचे वजन 2 किलो असेल, तर दर किलोमागे त्वचा 3 किलोच्या बालकाच्या किती पट होईल? दोघांचा आकार सारखा धरून गणित करून पाहा.