सुई घेतली, की थोडे थांबावे

पेनिसिलिन हे मोठे गुणकारी औषध. १९२८ साली फ्लेमिंग यांनी ते शोधले. १९५५ पासून आपल्या पिंपरीच्या सरकारी कारखान्यातही ते तयार होऊ लागले. या औषधाने असंख्य माणसे वाचली.

पण एखाद्याच्या अंगाला ते मानवत नाही. असे फार थोड्यांना होते. सुई टोचल्यावर थोड्याच वेळात अंगावर गांधी उठतात, खाज सुटते. ओठ सुजतात. दम लागतो, चक्कर येते. अशा वेळी घरी जाऊन पडू नये. डॉक्टरांना लगेच हाक मारावी. अ‍ॅड्रिनलिनची सुई वेळेवर मिळाली, तर जीव वाचू शकतो.

म्हणून सुईला भ्यायचे नाही. तीन गोष्टी मात्र आपण करू :

१. पूर्वी कोणत्या औषधाने त्रास झाला, ते डॉक्टरांना आधीच सांगू.
२. सुई घेतल्यावर अर्धा तास दवाखान्यातच बसू. एसटी चुकली तर चुकली.
३. जे औषध मानवले नाही, त्याचे नाव कागदावर लिहून जवळ ठेवू.

पे-नि-सि-लि-न. अक्षरे पाचच. आता आपल्याला लिहिता येते. आपण बेशुद्ध असलो, तरी तो कागद आपल्या वतीने बोलेल.