सोनिकचा कर्ता आणि दोन खटले

डिलाईल रोड, मुंबई

चि. बाळू,

गेम बनवणाऱ्या कंपनीत तुला नोकरी लागल्याचं वहिनींनी कळवलं. आजोबांनी जिथे साचे चालवले त्याच गिरणीच्या जागेवर तुझं ऑफिस आहे, याचा चाळीत सगळ्यांना अभिमान वाटतो. कामाला लागण्याआधी युजी नाका यांची हकीगत वाच.

नाका १९६५चे, ओसाकाकडचे. कॉलेजात न जाता ते १९८४च्या सुमारास सेगा कंपनीत प्रोग्रामर झाले. १९९१मध्ये ‘सोनिक’ हा गेम आला. त्यातल्या सोनिकचं रूप नाओतो ओशिमा यांचं, लेव्हलची आखणी हिरोकाझू यासुहारा यांची. पण तो उतारावरून गोल गुंडाळून सुसाट सुटतो, वळसा घेऊन पुन्हा धावतो, त्यामागचं प्रोग्रामिंग नाकांचं. निन्टेन्डोच्या मारिओसमोर सेगा उभी राहिली ती या वेगावर. पुढे ‘नाइट्स’ आणि ‘फँटसी स्टार ऑनलाइन’ झाले. २००६मध्ये त्यांनी सेगा सोडून स्वतःची कंपनी काढली आणि २०१८मध्ये ते स्क्वेअर एनिक्समध्ये गेले.

तिथे ‘बालन वंडरवर्ल्ड’चं दिग्दर्शन त्यांच्याकडे होतं. गेम बाजारात यायला सहाएक महिने उरले असताना त्यांना त्या पदावरून काढलं. नाकांनी कंपनीवर खटला भरला, आणि २०२२मध्ये आपली बाजू उघडपणे लोकांसमोर मांडली. मला यात काहीही गैर दिसत नाही. आपल्या कामासाठी मालकाशी भांडणं या रस्त्याला नवीन नाही. १९८२चा गिरणी संप तुझ्या आजोबांनी पाहिला आहे.

दुसरं प्रकरण मात्र वेगळं.

स्क्वेअर एनिक्स ‘ड्रॅगन क्वेस्ट टॅक्ट’ हा मोबाइल गेम ‘एमिंग’ नावाच्या कंपनीबरोबर करणार, हे जाहीर होण्याआधीच नाकांना कळलं होतं. त्यांनी एमिंगचे सुमारे १० हजार शेअर २८ लाख येनला घेतले. पुढे ‘फायनल फँटसी’च्या एका मोबाइल गेमची घोषणा व्हायची होती, तेव्हा तो गेम करणाऱ्या ‘एटीम’चे १ लाख २० हजार शेअर घेतले, १४ कोटी ४७ लाख येनचे. नोव्हेंबर २०२२मध्ये अटक झाली, डिसेंबरमध्ये पुन्हा. कोर्टात त्यांनी गुन्हा कबूल केला. जुलै २०२३मध्ये निकाल लागला: अडीच वर्षांची कैद, चार वर्षांसाठी स्थगित, २० लाख येन दंड, शिवाय सुमारे १७ कोटी येनची वसुली. ज्यांनी ते शेअर त्यांना विकले त्यांना ही बातमी ठाऊक नव्हती, आणि मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच.

आपल्याकडेही सेबीचे इनसायडर ट्रेडिंगविरुद्धचे नियम १९९२पासून आहेत, २०१५मध्ये ते नव्याने आले. कायद्यात दहा वर्षांपर्यंत कैद आहे. दंड २५ कोटींपर्यंत किंवा नफ्याच्या तिपटीपर्यंत, यातला जो जास्त असेल तो. आईच्या डीमॅट खात्यातून घेतले म्हणून सुटका होत नाही. आणि बातमी नुसती दुसऱ्याला सांगणं हाही गुन्हाच.

तेव्हा कोणता गेम कोणासाठी चाललाय, हे घरीसुद्धा बोलू नकोस. मी विचारलं तरी सांगू नकोस. शेअर घेण्या-विकण्याची आचारसंहिता पहिल्याच आठवड्यात मागून घे. ट्रेडिंग विंडो केव्हा बंद असते, पूर्वपरवानगी कोणाकडून घ्यायची, तेही विचार. वहिनींच्या खात्यात आधीपासून जे शेअर आहेत त्यांची यादी मी काढून ठेवली आहे. रविवारी आलास की पाहू.

तुझा काका