समोरच्या दुकानदारासोबत ठोक बाजारात जाताय? आधी हे ठरवा



एकत्र खरेदीच्या व्हिडिओत एक मुद्दा वेळेअभावी राहून गेला. गावात ज्याच्याशी रोज स्पर्धा, त्याच्यासोबत बाहेरगावच्या व्यापाऱ्यासमोर बसायचं कसं?

उदाहरण राजकारणातलं घेऊ. कोणता पक्ष चांगला, हा आपला विषय नाही. मे 2025 मध्ये ऑपरेशन सिंदूरनंतर भारतानं 7 सर्वपक्षीय शिष्टमंडळं परदेशात पाठवली. त्यातलं सुप्रिया सुळेंच्या नेतृत्वाखालचं शिष्टमंडळ कतार, दक्षिण आफ्रिका, इथिओपिया आणि इजिप्तला गेलं. त्यात काँग्रेसचे आनंद शर्मा होते आणि भाजपचे व्ही. मुरलीधरनही. दोघंही माजी खासदार, माजी केंद्रीय मंत्री. मुरलीधरन तर महाराष्ट्रातूनच राज्यसभेवर गेलेले. आणि इकडे देशात? काँग्रेसनं दिलेल्या 4 नावांपैकी सरकारनं फक्त शर्मांचं घेतलं, म्हणून जाहीर वाद चालू!

म्हणजे भांडण लपलेलं नव्हतं. माझ्या मते त्यांच्या बोलण्याला वजन होतं ते त्यामुळेच. सगळे एकाच पक्षाचे असते तर ऐकणारा म्हणाला असता, हे तर असंच बोलणार. 1994 मध्ये नरसिंह रावांनी जिनिव्हाला विरोधी पक्षनेते वाजपेयींना पाठवलं, तेही असंच.

आता आपल्याकडे या. समजा परभणीतले दोन इलेक्ट्रिकलवाले देवगिरी एक्स्प्रेसनं सिकंदराबादला निघाले. प्रत्येकाला 90 मीटरची 40 बंडलं वायर हवी. दोघांची मिळून 80, म्हणून रेट कमी मागायचा. तिथं जाऊन "आम्ही भावासारखेच आहोत हो" असं सांगू नका. दोन फोन केले की व्यापाऱ्याला खरं कळतं. मग चहाच्या वेळी तो एकाला बाजूला घेतो, "त्यांना सांगू नका, तुम्हाला वेगळा रेट लावतो." जमलेला सौदा तिथंच फुटतो.

त्यापेक्षा सरळ बोला: "साहेब, गावात आम्ही एकमेकांचं गिऱ्हाईक ओढतो. दुकानं वेगळी, जीएसटी बिलं वेगळी, उधारीही ज्याची त्याची. फक्त ही वायर एकत्र घेतोय. रेट सांगायचा तो दोघांसमोर." उधारीचं वाक्य विसरू नका, नाहीतर एकाचं पेमेंट थकलं की फोन दुसऱ्याला येतो.

एक खबरदारी. एकत्र घेणं वेगळं आणि गावात दोघांनी मिळून विक्रीचा भाव बांधणं वेगळं. दुसरं करू नका, 2002 च्या स्पर्धा कायद्यात ते बसत नाही.

गाडीत बसायच्या आधी एका कागदावर तीन गोष्टी लिहा: कोणता माल एकत्र, जास्तीत जास्त किती रेटपर्यंत जायचं, ट्रान्सपोर्टचं भाडं कसं वाटायचं. खाली दोघांच्या सह्या. वाटेत बंडल खराब निघालं तर कुणाच्या वाट्याचं, हेही त्यातच लिहून टाका. वाद बहुतेक तिथंच होतो.