हजेरीवही एआयच्या हाती देताना

ताईंनो, काजू युनिटच्या पगारपत्रकाला एआय एजंट जोडायचा का, असं मागच्या बैठकीत विचारलं होतंत. आधी फरक समजून घेऊ. साधा एआय विचारलेल्याचं उत्तर देतो. एजंट स्वतः पगारपत्रक उघडतो, आकडे भरतो, बदलतोही.

समजा, काजूगर सोलायचा दर किलोला २० रुपये आहे. वहीच्या फोटोतले १९ किलो त्याने ११ वाचले, तर एका बाईचे १६० रुपये गेले. आपला १ आणि ९ किती सारखे दिसतात, बघा!

म्हणून तीन नियम:

१. एजंटला वेगळं लॉगिन द्या, सचिवताईंचा पासवर्ड नको. सुरुवातीला फक्त वाचायची परवानगी.

२. आधार, बँक खाते नंबर दाखवू नका. हिशोबाला नाव, किलो आणि दर पुरे. माहिती जपायची जबाबदारी २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने ती वापरणाऱ्या संस्थेवर, म्हणजे आपल्यावर टाकली आहे.

३. एजंटने यादी करावी. पैसे सोडण्याआधी दोघींनी ती वहीशी ताडून सही करावी.

पहिले दोन महिने वही बंद करू नका. पगाराआधी प्रत्येकीला तिचे किलो वाचून दाखवा. आपण किती सोललं, हे तिला पाठ असतं.