पुडी आठवड्याची, रोजची नव्हे

बापू, दिवसभर तू भरवेलीच्या मँगनीज खाणीत जमिनीखाली असतोस, सुटीच्या दिवशी झोपून राहतोस. रिपोर्टात जीवनसत्त्व डी कमी आलं, याचं मला नवल वाटलं नाही. डॉक्टरांनी ६०,००० युनिटची पुडी लिहून दिली आहे, ती आठवड्याला एकच, आठ आठवडे. दर रविवारी जेवणानंतर, साय न काढलेल्या दुधात घे. हे जीवनसत्त्व स्निग्धात विरघळतं. घेतलीस की भिंतीवरच्या कॅलेंडरवर फुली मार.

फुलीचा आग्रह उगाच नाही. वॉर्डात नर्स होते तेव्हा एक गृहस्थ आले होते. महिनाभर रोज एक पुडी घेतलेली. जीभ कोरडी, उलट्या, पोट साफ नाही, रात्रीतून सहा वेळा लघवी. घरचे म्हणत होते, शुगर वाढली. शुगर ठीक होती, रक्तातलं कॅल्शियम वाढलं होतं.

आता तुझी शुगर काठावर आहे, म्हणून विचारतोस, डीने इन्सुलिन नीट चालेल का? आशा खोटी नाही, कारण इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीही डी ओळखतात. पण २०१९ साली अमेरिकेत तुझ्यासारख्याच काठावरच्या २,४२३ जणांवर प्रयोग झाला. निम्म्यांना रोज ४,००० युनिट, निम्म्यांना नुसती दिसायला तशीच गोळी. सुमारे अडीच वर्षांत डी घेणाऱ्यांत २९३ जणांना मधुमेह झाला, दुसऱ्यांत ३२३. एवढा फरक योगायोगानेही पडतो. त्यातल्या बहुतेकांना मुळात डीची कमतरता नव्हती, हेही खरं. तुला ती आहे; म्हणून पुडी घे, पण हाडांसाठी घे. पुडी चालू आहे म्हणून चालणं सोडू नकोस.

सडपातळ आहेस म्हणून निर्धास्त राहू नकोस. पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि एक इंग्रज डॉक्टर, दोघांचं उंचीच्या मानाने वजन सारखंच. पण चरबी इंग्रजाच्या अंगात ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. आपलं पोट असंच फसवतं. चिन्नोरचा भात कितीही सुवासिक असला तरी एकच वाढ घे, जेवून वीस मिनिटं चाल.

तपन घ्यायची तर सावली अंगाएवढी किंवा आखूड असताना, बाह्या वर करून. मे महिन्यात नऊलाच घे, पौषात बाराला. काचेमागची तपन उपयोगाची नाही.

तीन महिन्यांनी डी, कॅल्शियम आणि तीन महिन्यांची शुगर तपास. येताना मागचा कागदही घेऊन ये.