डॉक्टर फॅनन आणि ब्लिदाचे रुग्ण

ताप थर्मामीटरने मोजता येतो. मोडलेले हाड क्ष-किरणांच्या चित्रात दिसते. मनाचे दुखणे मात्र रुग्णाने सांगावे लागते आणि डॉक्टरांनी ऐकावे लागते. आता विचार करा, डॉक्टरांना रुग्णाची भाषाच येत नसेल तर? तुमच्या घरी कोणी म्हणते, 'दिल घबरा रहा है.' मराठी घरात म्हणतात, 'जीव कासावीस होतो.' हेच शब्द परक्या भाषेत जसेच्या तसे सांगितले, तर ऐकणाऱ्याला वाटेल की रुग्णाला हृदयाचा आजार आहे! ही अडचण ज्यांच्यापुढे उभी राहिली, अशा एका परदेशी डॉक्टरांची हकिकत आज वाचू या. (मराठीत 'हकिकत' म्हणजे घडलेला वृत्तान्त. उर्दूतला अर्थ येथे घेऊ नका.)

फ्रान्झ फॅनन यांचा जन्म 20 जुलै 1925 रोजी मार्टिनिक बेटावर झाला. हे बेट वेस्ट इंडीजमध्ये आहे. तेथे फ्रान्सची सत्ता होती. तेथील काळ्या लोकांचे पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणले गेले होते. दुसऱ्या महायुद्धात फॅनन फ्रान्सच्या बाजूने लढले, जखमी झाले, त्यांना शौर्यपदकही मिळाले. युद्धानंतर ते फ्रान्समधील ल्यों शहरात डॉक्टरी शिकले. ज्या देशासाठी रक्त सांडले, त्याच देशात रंगामुळे लोक आपल्याला परके मानतात, हा अनुभव त्यांना आला.

ल्यों शहरात अल्जीरिया, मोरोक्को अशा देशांतून आलेले बरेच मजूर होते. ते दवाखान्यात येत. "कुठे दुखते?" असे विचारले की म्हणत, "सगळीकडे." तपासणीत काहीच सापडत नसे. मग हा माणूस ढोंगी आहे, आळशी आहे, असे काही डॉक्टर खुशाल ठरवून टाकत. फॅनन यांनी 1952 साली या मजुरांवर एक लेख लिहिला. घरापासून दूर, बायकामुलांशिवाय, रोजच्या अपमानात जगणाऱ्या माणसाची वेदना खोटी नाही, असे त्यांचे म्हणणे होते. तपासणाऱ्याने त्याला आधीच खोटारडा ठरवले असेल, तर ती वेदना त्याला दिसणार कशी?

पुढे फॅनन यांनी फ्रान्सच्याच सेंट-अल्बान गावातील मनोरुग्णालयात काम केले. तेथील डॉक्टर तोस्केल्स हे स्पेनमधून आलेले निर्वासित होते. रुग्णाला कोंडून ठेवल्याने तो बरा होत नाही. त्याला काम हवे, सोबत हवी, जबाबदारी हवी, असे ते मानत. म्हणून तेथे रुग्ण सभा भरवत, वर्तमानपत्र काढत, सण साजरे करत. ही पद्धत फॅनन यांना फार आवडली. 1953 च्या अखेरीस अल्जीरियातील ब्लिदा शहराच्या मनोरुग्णालयात त्यांची नेमणूक झाली, तेव्हा ती पद्धत ते सोबत घेऊन गेले. त्या वेळी अल्जीरियावरही फ्रान्सचे राज्य होते. आफ्रिकी माणसाचा मेंदूच मागासलेला असतो, असे तेथील काही नामांकित फ्रेंच डॉक्टर चक्क शिकवत असत!

फॅनन यांच्याकडे 165 युरोपीय स्त्रिया आणि 220 मुसलमान पुरुष असे रुग्ण होते. स्त्रियांच्या विभागात नव्या पद्धतीचा लवकरच गुण आला. गाणी, चित्रपट, नाताळचा सण, वर्तमानपत्र यांत स्त्रिया रमल्या. पुरुषांच्या विभागात मात्र काहीच घडेना. सभेत कोणी बोलेना. नाटकाला कोणी येईना. वर्तमानपत्राकडे कोणी पाहीना.

असे का व्हावे? रुग्णांचा मेंदू मागासलेला, हे उत्तर तयारच होते. फॅनन यांनी ते नाकारले आणि रुग्णांच्या जीवनाचा अभ्यास सुरू केला. तेव्हा एकेक गोष्ट उलगडू लागली. बहुतेकांना वाचता येत नव्हते, मग वर्तमानपत्राचा काय उपयोग? विणकामाला ते बायकांचे काम समजत. चारचौघांत गाणे किंवा नाटक करणे हे त्यांच्या रिवाजात बसत नव्हते. शिवाय फॅनन यांना अरबी येत नव्हती. ते दुभाष्यामार्फत बोलत. दुभाषी म्हणजे तर्जुमान. गरीब अल्जीरियन माणसाला दुभाषी कोठे भेटे? कचेरीत नाहीतर न्यायालयात! त्यामुळे डॉक्टरांशेजारी दुभाषी दिसला की रुग्ण सावध होई आणि तोंड मिटून बसे.

मग फॅनन यांनी पद्धत बदलली. रुग्णालयातच स्थानिक धर्तीचा कहवाखाना उघडला. मुसलमानांचे सण साजरे होऊ लागले. ठरावीक दिवशी कथेकरी येऊ लागला. कथेकरी म्हणजे आपला दास्तानगो. बरेचसे रुग्ण शेतकरी होते. त्यांना शेतीबागेचे काम दिले. हळूहळू माणसे एकमेकांशी बोलू लागली.

फॅनन आणि त्यांचे तरुण सहकारी जाक अझुले यांनी 1954 साली या प्रयोगावर लेख लिहिला. त्यात पहिला प्रयत्न फसला, हे त्यांनी उघडपणे सांगितले. एका समाजाची पद्धत आपण विचार न करता दुसऱ्या समाजावर लादली, हेही मान्य केले. मला स्वतःला त्यांच्या यशापेक्षा हा लेख मोठा वाटतो. डॉक्टर काय, शिक्षक काय, फसलेल्या कामाबद्दल लिहिणारे थोडेच.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अल्जीरियाचा स्वातंत्र्यलढा पेटला. छळ सोसलेले कैदी फॅनन यांच्याकडे येत, आणि छळ करून झोप उडालेले पोलीसही येत. अशा राज्यात राहून मने बरी करता येणार नाहीत, असे त्यांना वाटले. 1956 च्या अखेरीस त्यांनी राजीनामा दिला. सरकारने त्यांना देशाबाहेर काढले. ट्युनिस शहरात त्यांनी स्वातंत्र्यलढ्याचे काम केले. तेथे त्यांनी मनोरुग्णांसाठी दिवसाचे रुग्णालयही चालवले. रुग्ण सकाळी येई, संध्याकाळी आपल्या माणसांत परत जाई.

6 डिसेंबर 1961 रोजी, अवघ्या 36 व्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने फॅनन यांचे निधन झाले. पुढच्या वर्षी अल्जीरिया स्वतंत्र झाला. ब्लिदाच्या त्या रुग्णालयाला आज त्यांचे नाव आहे.

अशा कामाची गरज इतरत्रही होतीच. लंडनमध्ये भारत, पाकिस्तान, आफ्रिका, वेस्ट इंडीज येथून आलेली असंख्य कुटुंबे राहतात. त्यांच्या मनाच्या दुखण्यांसाठी जाफर करीम या स्थलांतरित मानसोपचारतज्ज्ञांनी 1983 साली तेथे एक केंद्र काढले. तेथे निरनिराळ्या भाषांत उपचार होतात. त्या केंद्राचे नाव वाचायला तुम्हांला शब्दकोश लागणार नाही. ते नाव आहे 'नफ्सियात'.

स्वाध्याय

1. ल्यों शहरातील मजुरांना काही डॉक्टर ढोंगी का म्हणत?
2. दुभाषी पाहून ब्लिदाचे रुग्ण गप्प का बसत?
3. तुमच्या घरी मनाचे दुःख सांगताना वापरले जाणारे चार उर्दू शब्द लिहा. त्यांसाठी मराठी शब्द शोधा. नेमका शब्द न सापडल्यास तो अर्थ दोन-तीन वाक्यांत समजावून सांगा.