चावलेल्या मांजराची दहा दिवसांची राखण

नांदेड व लातूर जिल्ह्यांत सोयाबीन, तूर व हरभरा घरात आला की उंदीरही मागोमाग येतात. म्हणून धान्याच्या कोठीजवळ मांजर वावरते. ते कोणाच्या मालकीचे नसते. परंतु सर्वांच्या उपयोगाचे असते. असे मोकाट मांजर एखाद्या मुलास चावले म्हणजे लोक काठ्या घेऊन धावतात. मांजर मारले जाते किंवा पळून जाते, आणि ते पिसाळलेले होते की नव्हते, हे जाणण्याचे साधन हातचे जाते.

प्रथम रुग्णाकडे पाहावे

जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी. तीवर मिरचीपूड, चुना किंवा तेल लावू नये. त्याच दिवशी आरोग्य केंद्रात लस सुरू करावी. मांजर निरोगी दिसते म्हणून थांबू नये. माणसात या रोगाची लक्षणे उमटल्यावर मृत्यू बहुधा टळत नाही. पूर्वीची पोटातील चौदा इंजेक्शने आता बंद झाली आहेत, तेव्हा त्या भीतीने कोणी मागे राहू नये.

दहाच दिवस का?

रोगी मांजराच्या किंवा कुत्र्याच्या लाळेत विषाणू उतरतो तो लक्षणे दिसण्यापूर्वी थोडेच दिवस. लक्षणांनंतर ते जनावर लवकरच मरते. यास्तव चाव्यानंतर दहा दिवस ते धडधाकट राहिले, तर चावतेवेळी लाळेत विषाणू नव्हता असे मानता येते. मग उरलेल्या लसीविषयी डॉक्टर निर्णय देतात. माकड, मुंगूस, कोल्हा यांना हा नियम लागू नाही.

राखण कशी करावी?

मालक नसल्यामुळे हे काम गावातील स्वयंसेवकाने पत्करावे. त्याने स्वतः आगाऊ लस घेतलेली असावी. मांजर पकडण्यास पशुवैद्यकीय दवाखान्याचे साहाय्य घ्यावे; उघड्या हाताने धरू नये. ते हाती लागलेच नाही, तर रुग्णाची लस पूर्ण करावी.

जाळीचा मजबूत पिंजरा सावलीत, मुले व कुत्री यांपासून दूर ठेवावा. आत गोणपाट व वाळूचे घमेले असावे. अन्नपाणी हात आत न घालता द्यावे. सकाळ-सायंकाळ पाहून वहीत लिहावे: खाते का, गिळते का, आवाज बदलला का, लाळ गळते का, मागचे पाय लुळे पडले का, उगाच अंगावर येते का? यांतील काही दिसल्यास किंवा मांजर मेल्यास डॉक्टर व पशुवैद्यक यांना तत्काळ कळवावे. शव पुरू नये. मेंदूची तपासणी करता येते.

पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेले मांजर मात्र असे घरी ठेवू नये. रोग कित्येक महिने दडून राहू शकतो. त्याविषयी पशुवैद्यकाचाच निर्णय घ्यावा.

दहा दिवस सुखरूप गेल्यास मांजरास लस टोचून पूर्वीच्या जागी सोडावे. मांजरांना हा रोग बहुधा कुत्र्यांकडून होतो, म्हणून गावातील कुत्र्यांनाही लस द्यावी. कुत्र्यांच्या व्यापक लसीकरणामुळेच गोवा २०२१ साली देशातील पहिले रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून घोषित झाले.

कार्यकर्त्यांनी ग्रामसभेत दोन स्वयंसेवकांची नावे व एक पिंजरा आजच निश्चित करावा. चावा झाल्यावर शोधाशोध करण्यात मोलाचा वेळ जातो.